पाणी लागत नाही, ताई!

ऑगस्ट आला की दवाखान्यात एक ठरलेली जोडी येते. एमबीबीएसला चीनला निघालेलं लेकरू आणि हातात यादी घेतलेली आई. कोरोनात, २०२० साली, ही पोरं घरी परतली होती. २०२२ मध्ये व्हिसा पुन्हा सुटले आणि याद्याही सुरू झाल्या. शेव, काळा मसाला, लोणचं, आणि जुलाब बंद करायच्या गोळ्यांच्या दहा पट्ट्या. ‘‘डॉक्टरसाहेब, तिकडचं पाणी लागतं म्हणे.’’

पाणी लागत नाही, ताई. बाधतात ते पाण्यातले, न धुतलेल्या हातावरचे, अर्धकच्च्या मांसामाशातले जंतू. गंमत अशी की चिनी माणसाचीही हीच तक्रार असते. ‘श्वेइ-थू पू-फू’ म्हणतात ते, म्हणजे पाणी-माती मानवली नाही. पण बोलून झालं की ते पाणी उकळून पितात! तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत डब्यातच उकळत्या पाण्याचा नळ असतो. प्रवासी थर्मासात चहाची पानं टाकून येतात आणि पाणी भरून घेतात. आपण भुसावळकर, रेल्वेचं तरी ऐकाल! नळाचं कच्चं पाणी तिथले लोकही पीत नाहीत.

पहिले आठ-दहा दिवस पोट कुरकुरणारच. तेल वेगळं, जेवणाच्या वेळा वेगळ्या, कळण्याची भाकरी नाही. एखाद दिवस पातळ होईल, एखाद दिवस होणारच नाही. घाबरू नका. सकाळी कोपऱ्यावर तांदळाची पेज मिळते, तिला ‘चोउ’ म्हणतात. पोटाला तीच बरी. एका मुलीने रात्री अकराला व्हिडिओ कॉल केला, ‘‘सर, जीभ बधिर झाली, विषबाधा झाली!’’ जेवली होती हॉटपॉट. त्यातली सिचुआन मिरी म्हणजे आपल्या कोकणातल्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण, जीभ बधिर करणं हा तिचा गुणच. ओठ-चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या, दम लागला, तर मात्र ती अ‍ॅलर्जी. तेव्हा मला नाही, १२० ला फोन करायचा. तिथली रुग्णवाहिका त्या नंबरवर येते.

आता यावलकडचा एक मुलगा. पोटात दुखलं, दोनदा पातळ झालं. हॉस्टेलवर निदान झालं, ‘पाणी लागलं’. घरून नेलेल्या गोळ्या झाल्या, मोबाइलवर आलेला कांद्याचा रस झाला. बेंबीभोवतीचं दुखणं उजवीकडे खाली उतरलं, ताप चढला, तरी स्वारी खोलीतच. तिसऱ्या दिवशी मित्रांनी उचलून नेलं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. आणि पठ्ठ्या वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षाला!

म्हणून त्या दहा पट्ट्या मी टेबलावरच काढून ठेवतो. मेडिकलवाल्याने हसत दिलेलं अँटिबायोटिक साध्या जुलाबाला लागत नाही, आणि आशियातले जुलाबाचे कित्येक जंतू त्याला आता जुमानतही नाहीत. जुलाब थांबवणारी गोळी ताप असताना किंवा शौचातून रक्त पडत असताना घेतली, तर घाण आतच कोंडते. न्यायचंच असेल तर ओआरएस न्या. नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. ‘पोट रिकामं ठेवलं की बरं होतं’ म्हणून उपाशी राहू नका.

रक्त, १०२ च्या वरचा ताप, पाणीही न टिकणारी उलटी, सहा-आठ तास लघवी नाही, एका जागी वाढत जाणारं दुखणं, तीन दिवसांवर चाललेले जुलाब, यातलं एक जरी दिसलं तरी दवाखाना. ‘आम्ही ठेचा खाणारे, आम्हाला काय होतंय’ हे बापाचं वाक्य तेव्हा विसरा. ठेच्याने जंतू मरत असते तर माझा दवाखाना केव्हाच बंद पडला असता.

आणखी एक, पोटाशी संबंध नसलेलं. तिथे वाहनं उजवीकडून चालतात आणि बॅटरीच्या स्कुटर आवाज न करता फुटपाथवरही येतात. आपली मान सवयीने उजवीकडे वळते. तिथे आधी डावीकडे बघा. कानात इअरफोन घालून रस्ता ओलांडाल तर गाठ पोटाच्या नव्हे, हाडाच्या डॉक्टरशी पडेल.

परवा एक आजी नातवाच्या खिशात कांदा कोंबत होत्या, नव्या गावचं पाणी बाधू नये म्हणून. म्हटलं, आजी, तिकडे विमानतळावर ताजी भाजी काढून घेतात. आजींनी कांदा परत पिशवीत टाकला आणि विचारलं, ‘‘मग वाळवलेला चालेल का?’’