झाडावरील बेडूक कसे ओळखावे

पावसाळ्यांत विहिरीच्या कांठावरील झुडपास किंवा हौदाच्या आंतल्या भिंतीस साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा चिकटलेला आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिला असेल. ती घाण समजून कित्येक जण काठीनें खरडून टाकतात. वास्तविक तें झाडबेडकाचें घरटें होय. मादी अंड्यांबरोबर सोडलेला द्रव पायांनीं घुसळून हा फेस करते. आंत अंडीं ओलीं राहतात, आणि बेडूकमासे तयार झाले म्हणजे खालच्या पाण्यांत गळून पडतात. हा प्राणी रात्रीं किडे टिपून पोट भरतो, व त्याबद्दल सारा मागत नाहीं. म्हणून त्यास ओळखणें आपल्याच हिताचें आहे.

हद्दीचे दगड तपासण्यांत आमची हयात गेल्यामुळें एकाच खुणेवर निकाल देणें आम्हांस रुचत नाहीं. बोटांच्या टोकांस वाटोळी चकती ही पहिली खूण खरी, परंतु तेवढी पुरत नाहीं. पाठ तांबडी व कुशी काळ्या असा एक बेडूक पावसाळ्यांत दिसतो. त्याचीहि बोटें टोकाशीं किंचित फुगीर असतात, पण तो ह्या कुळांतला नव्हे.

घराच्या भिंतीवर व न्हाणीघरांत पाय आंखडून बसणारा तो साधा झाडबेडूक. मादी सुमारें ३ इंच, नर लहान. त्याचा रंग फिक्या पिवळटापासून गर्द तपकिरीपर्यंत बदलतो, यास्तव रंगावर भरंवसा ठेवूं नये. मांडीची मागील बाजू पाहावी. तेथें काळसर जाळींत पिवळे वाटोळे ठिपके असतात. पुढील बोटांत पडदा जवळजवळ नसतो.

घाटांतील उडत्या बेडकाचें ह्याच्या उलट. पाठ हिरवीगार, लांबी ४ इंचांपर्यंत, आणि बोटांमधील पडदे नारिंगी-तांबडे. ते पसरून तो ३० फुटांपर्यंत तरंगत जातो. जर्डन ह्यांनीं १८७० सालीं त्याचें वर्णन केलें. हाहि पाण्यावर वांकलेल्या पानांस फेसाचें घरटें करतो.

आंबोलीचा झुडपी बेडूक दीड इंचाच्या आंतलाच. २००९ सालीं तो स्वतंत्र जात म्हणून वर्णिला गेला. त्याचा फेस शोधूं नये, कारण तो फेस करीतच नाहीं. अंड्यांतून थेट लहानगे बेडूकच निघतात.

फेसाखालचा हौद उपसावयाचा असल्यास बेडूकमासे बादलीनें काढून जवळच्या डबक्यांत सोडावे, आणि फवारणीच्या पंपाचें धुवण त्या डबक्यांत ओतूं नये.