थायरॉइडची गाठ : तज्ज्ञांकडे जाताना

प्रश्न : सोनोग्राफीत थायरॉइडमध्ये १.२ सेंमीची गाठ निघाली. टीएसएच नॉर्मल आहे. तज्ज्ञांकडे जाण्याआधीच सुईची तपासणी उरकून घेऊ का?

उत्तर : घाई करू नका. अशा दहा गाठींपैकी नऊ तरी साध्या असतात, आणि सुई घालायची की नाही हे नुसत्या आकारावर ठरत नाही. गाठ घन आहे की पाण्याची, कडा कशा आहेत, आत चुन्याचे बारीक ठिपके आहेत का, हे पाहून ‘टायरॅड्स’ श्रेणी देतात. अमेरिकन रेडिओलॉजी कॉलेजच्या २०१७च्या निकषांत तिसऱ्या श्रेणीला २.५ सेंमीखाली सुई सुचवलेली नाही; पाचवीला १ सेंमीपासूनच सुचवली आहे. म्हणून रिपोर्टबरोबर फिल्म किंवा सीडी आणि जुने रिपोर्टही न्या. गाठ वाढली का, हे त्यावरूनच कळते. ‘टीएसएच नॉर्मल, मग काळजी कशाला?’ असे कुणी म्हणेल. पण तो आकडा ग्रंथीचे काम सांगतो, गाठीचा स्वभाव नाही. शिवाय केसांसाठी बायोटिन घेत असाल (हल्ली बरेच जण घेतात) तर तेही सांगा. त्याने रक्ताचे आकडे फसवे येऊ शकतात. घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग होता का, लहानपणी मानेला रेडिएशन दिले होते का, हे विचारून ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. आवाज बसला असेल किंवा गाठ झपाट्याने वाढत असेल, तर मात्र तारखेची वाट न पाहता लगेच दाखवा.