खाडीकाठी स्वतःचा धक्का: पैसे जातात कुठे?

म्हैसूरमधलं आमचं गोकुलम समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर, आणि मंगळूरचा किनाराही इथून अडीचशे किलोमीटर लांब. तरी निवृत्तीच्या गप्पा रंगल्या की मूळचा कोकणातला माणूस खाडीकाठच्या दहा गुंठ्यांवर येतोच. घरापुढे छोटा धक्का, बाजूला होडीची शेड. ‘असून असून किती खर्च असेल?’

पहिली अडचण सातबाऱ्यावरच येते. महाराष्ट्रात शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते. कर्नाटकाने ही अट २०२० मध्ये काढली, त्यामुळे कारवारला जे जमतं ते राजापूरला जमत नाही. शिवाय जमीन तुमची झाली तरी भरतीरेषेखालचा गाळ सरकारचाच. धक्क्याचे खांब उभे राहणार ते नेमके तिथे.

म्हणून सिमेंटच्या आधी कागदांचे पैसे बाजूला काढा. सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) परवानगीसाठी अधिकृत संस्थेकडून १:४००० प्रमाणाचा, भरतीरेषा दाखवणारा नकाशा लागतो. मग सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण आणि मेरीटाइम बोर्ड. परवानगी नाकारली गेली तरी नकाशाचे पैसे गेलेच. जेटीला पाण्यालगत असण्यावाचून पर्याय नाही, म्हणून तिचा विचार तरी होतो. पक्क्या बोटघराला तशी सूट मिळेल असं धरून चालू नका. आणि समोर कांदळवन असेल तर बेत तिथेच सोडा. एखादं तिवर तोडून वाट करू, असं सांगणारा दलाल तुम्हाला गुन्ह्यात अडकवेल.

आता बांधकाम. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या आरसीसीला आयएस ४५६ प्रमाणे किमान एम-४० काँक्रीट आणि सळईवर ७५ मिलिमीटर आवरण लागतं. सिमेंट घनमीटरला किमान ३६० किलो, म्हणजे सव्वासात पोती. साध्या घरकामाला किमान सहा. फरक सव्वा पोत्याचा. त्याने कोणी बुडत नाही.

बुडवते ती मजुरी. कोकणात भरतीचा हिशेब तिथीवर चालतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, म्हणजे ओहोटी भर दुपारी बारा वाजता. वेळ सोयीची, पण तो भांग. पाणी फारसं ओसरत नाही. पाणी खोल उतरतं ते उधाणाच्या दिवसांत, आणि तेव्हा ओहोटी पहाटे नाही तर संध्याकाळी पाचच्या सुमारास. खांबांचं तळातलं काम त्याच दोन-तीन तासांत उरकायचं. टोळीची दिवसाची मजुरी ५ हजार धरा आणि काम तीनच तास झालं असं समजा. आठ तासांच्या कामाला तेरा हजारांहून जास्त पडले. कंत्राटदार ‘दिवसाप्रमाणे’ म्हणाला तर नको म्हणा. दर खांबावर ठरवा.

तरंगती जेटी हा दुसरा मार्ग. ती पाण्याबरोबर वरखाली होते, पण काठावरून तिच्यापर्यंतचा झुलता पूल पुरेसा लांब हवा. पाणी तीन मीटर उतरत असेल आणि चढ चारास एक ठेवायचा असेल, तर पूलच बारा मीटरचा होतो. भावपत्रकात हा पूल धरलाय का, ते आधी विचारा. परवानगी हिलाही लागते. लाकडी खांब स्वस्त वाटतात. खाऱ्या पाण्यातला किडा ते आतून पोखरतो आणि वरून काही दिसत नाही.

होडीच्या शेडचं उत्तर कोळीवाड्यांनी कधीच काढलंय: पावसाळ्याआधी होडी वर ओढायची आणि झापांनी शाकारायची. दरवर्षी झाप नवे आणि ओढायला चार माणसं, एवढाच खर्च. वर्षातून वीस दिवस होडी वापरणाऱ्याने याहून जास्त काही करू नये, असं माझं मत. चढउतारासाठी गावातल्या सार्वजनिक जेटीवर सोय होते का ते पाहा.

विसार देण्याआधी एकदा अमावस्येच्या संध्याकाळी पाचला जागेवर जा आणि हद्दीपासून पाण्यापर्यंतचा गाळ पावलांनी मोजा. जितकी पावलं, तितका धक्का लांब.