लहान होडी, खरे माप

मुंबईच्या अंधेरी उपनगरात वेसावे नावाचे गाव आहे. तेथे कोळी लोकांची जुनी वस्ती आहे. खाडीच्या पलीकडे मढ आहे. उत्तरेला मनोरी आणि गोराई आहे. पूर्वी या गावांच्या होड्या शिडावर चालत. १९५० नंतर हळूहळू यंत्रे आली. शिडे उतरली. आता तर लाकडाच्या जागी फायबरच्या होड्या येत आहेत.

जुनी होडी डोळ्यांआड होत आहे. पण तिची प्रतिकृती आपल्याला करता येते. प्रतिकृती म्हणजे हुबेहूब तशीच लहान वस्तू. तिला महाग सामान लागत नाही. सामान आसपासच असते. ते शोधावे मात्र लागते.

लाकूड : खरी होडी सागाची चांगली. साग पाण्यात टिकतो. मुंबईच्या गोदीत १८१७ साली 'त्रिंकोमाली' नावाचे सागाचे जहाज बांधले. वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली ते काम झाले. ते जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे! पण लहान होडीला साग कठीण जातो. तिला पांगारा बरा. तो हलका असतो, सहज कोरता येतो. सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्याचीच करीत. लाकूड नीट वाळवून घ्या, नाहीतर कीड लागते. उभे झाड तोडू नका. मुंबईसारख्या शहरात १९७५ च्या कायद्याप्रमाणे त्याला परवानगी लागते. सुताराकडे उरलेले तुकडे मागा. जोगेश्वरीजवळ ओशिवऱ्याला फर्निचरचा मोठा बाजार आहे. अशा ठिकाणी तुकडे मिळतात.

काठी, शीड आणि दोर : डोलकाठीला बांबूची कामटी घ्या. शिडाला जुन्या धोतराचा तुकडा चालतो. दोरासाठी जाळ्याचा तुटका दोरा घ्या. कोळीवाड्यात जाळी विणतात, दुरुस्त करतात. तेथे विचारले तर कोणी नाही म्हणत नाही.

इतके सामान जमले म्हणजे होडी झाली का? नाही.

माझ्या शाळेतल्या एका मुलाने अशी होडी केली. रंग दिला. उंच डोलकाठी लावली. होडी फार देखणी दिसत होती. आम्ही ती हौदात सोडली. ती लगेच आडवी झाली. मुले हसली. तो मुलगा रडकुंडीला आला.

तेथे एक म्हातारे तांडेल उभे होते. ते म्हणाले, "पोरा, काठी कोणाच्या मापाने लावलीस?"

मुलगा म्हणाला, "आजोबा, अंदाजाने."

"अंदाजाने होडी होत नाही. माप माझ्या डोक्यात आहे. मला लिहिता येत नाही. मी सांगतो, तू लिही."

मुलाने पाटी आणली. तांडेल बोलत गेले. नाळ म्हणजे पुढचे टोक किती उंच, वरामण म्हणजे मागचा भाग किती रुंद, काठी किती उंच, सारे त्यांनी सांगितले. मुलाने ते लिहून घेतले. काठी कापून लहान केली. तळाशी जाळ्याचे शिसे बसवले. होडीच्या तळाशी असे वजन ठेवतात. त्याला नीरम म्हणतात. वजन खाली असले की होडी सहज कलंडत नाही. दुसऱ्या दिवशी होडी सरळ तरंगली.

(शिसे विषारी असते. ते घरी वितळवू नका. हाताळल्यावर हात धुवा.)

माप कसे लहान करावे : समजा, होडी ३० फूट लांब आणि ८ फूट रुंद आहे. एका फुटाला अर्धा इंच धरा. मग लहान होडी १५ इंच लांब आणि ४ इंच रुंद होईल. काठीलाही हाच हिशेब लावा. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. तेव्हा तळही मोजता येतो. मालकाला विचारून मोजा.

लाकूड आज नाही मिळाले तर उद्या मिळेल. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यातले माप त्याच्याबरोबर जाते. ते पुन्हा मिळत नाही. तुमच्या गावात होडी नसेल. बैलगाडी असेल, जुना नांगर असेल. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा. विचारा आणि लिहून ठेवा.

प्रश्न
१. लहान होडीला पांगारा का बरा?
२. मुलाची होडी आडवी का झाली?
३. २४ फुटांची होडी या हिशेबाने किती इंच होईल?
४. तुमच्या घरच्या एका जुन्या वस्तूचे माप वहीत लिहा.