दोन अक्षरांची किल्ली

कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी पाहायला आपण सहकुटुंब जातो. स्तूपापुढे हात जोडतो, फोटो काढतो आणि परततो. खांबांवर कोरलेल्या ओळींकडे मात्र आपले लक्ष जात नाही. तरुणपणी मीही त्यांना दगडावरच्या रेघोट्या समजलो होतो. माझे वडील कागदावर अंगठा उठवीत. छापील अक्षरे त्यांना जशी दिसत, तशीच लेण्यातील अक्षरे मला, शिकलेल्या मुलाला, दिसत होती. ही बोच मनात राहिली, म्हणून हा अभ्यास.

ही लिपी म्हणजे ब्राह्मी. कधीकाळी साऱ्या देशात चालणारी ही लिपी पुढे कोणालाच वाचता येईना. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने टोपरा येथील अशोकस्तंभ दिल्लीला आणविला. त्यावरील लेख वाचण्यासाठी पंडित बोलावले, पण कोणालाही तो वाचता आला नाही. सम्राटाचे शब्द सर्वांच्या डोळ्यांसमोर असून मुके होते.

हे मौन १८३७ साली फुटले. जेम्स प्रिन्सेप हा कलकत्त्याच्या टाकसाळीत धातूची पारख करणारा अधिकारी. म्हणजे आम्हा बँकवाल्यांसारखाच पैशाच्या कचेरीतला माणूस! एशियाटिक सोसायटीचा सचिव म्हणून त्याच्याकडे ठिकठिकाणच्या लेखांचे ठसे येत. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावरील लहान लहान लेखांच्या नकला त्याच्या हाती आल्या. त्या मांडताना त्याला एक गोष्ट दिसली. बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे होती!

त्याने विचार केला, इतके आखूड आणि सुटे लेख म्हणजे राजाज्ञा नव्हेत. ब्रह्मदेशातील बौद्ध मंदिरांत दात्यांची नावे लिहिण्याची चाल त्याला ठाऊक होती. मग येथेही प्रत्येक लेख एकेका दात्याचा असेल काय? तसे असेल तर शेवटचा शब्द ‘दानं’. त्याच्या आधी वारंवार येणारे अक्षर ‘स’, म्हणजे षष्ठीचा प्रत्यय, आपल्या ‘चा-ची-चे’सारखा. ‘अमक्याचे दान’ असा अर्थ जुळला. उलट्या इंग्रजी ‘टी’सारखे दिसणारे अक्षर ‘न’ ठरले, शेजारचा ठिपका अनुस्वार ठरला. एकेक अक्षर सुटत गेले आणि काही आठवड्यांतच दिल्लीचा स्तंभ बोलू लागला.

त्यात बोलणारा राजा स्वतःला ‘देवानंपिय पियदसि’ म्हणवीत होता. हा कोण? सिंहलद्वीपातील जॉर्ज टर्नर यांनी दीपवंस या पाली ग्रंथाच्या आधारे दाखविले की पियदसि म्हणजे चंद्रगुप्ताचा नातू अशोक. पुढे १९१५ साली मस्की येथील लेखात ‘अशोक’ हे नावच मिळाले आणि शंका उरली नाही. प्रिन्सेप मात्र आजारी होऊन मायदेशी परतला आणि १८४० साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी वारला.

वाचकहो, यातला बोध मला फार मोलाचा वाटतो. सम्राटाच्या लेखाचे कुलूप राजाच्या किल्लीने उघडले नाही. ते उघडले भिक्खू, भिक्खुणी, व्यापारी, गृहिणी यांच्या लहानलहान दानांनी. कोणी कठड्याची एक फळी दिली, कोणी एक खांब दिला आणि आपले नाव कोरून घेतले. आपल्या बेडशाच्या लेण्यातही नाशिकच्या आनंद शेठीचा पुत्र पुष्यणक याच्या दानाचा लेख आहे. तोही ‘दानं’ या शब्दानेच संपतो.

या स्मरणिकेच्या शेवटी देणगीदारांची यादी असेल. कोणाचे एकावन्न, कोणाचे एकशे एक. आकडा लहान म्हणून त्या पानाकडे दुर्लक्ष करू नका. दोन हजार वर्षांपूर्वीच्या अशाच याद्यांनी आपला हरवलेला इतिहास परत मिळवून दिला.

ब्राह्मीची मुळाक्षरे रोज थोडा वेळ दिला तर महिन्याभरात येतात. विहारात रविवारी मुलांना ती शिकविता येतील. पुढच्या सहलीत आपल्या मुलाने खांबावर बोट ठेवून ‘दानं’ असे मोठ्याने वाचावे, इतके झाले तरी या लेखाचे सार्थक झाले.