इंजिन फिरते, पण सुरू होत नाही

ग्रामीण भागात जुने डिझेल पिकअप वाहन भाजीपाला बाजारात पोचविते, बियाणे व खते गावात आणते आणि प्रसंगी रुग्णालाही दवाखान्यात नेते. अशा वाहनाचे इंजिन सेल्फ मारल्यावर फिरते, परंतु सुरू होत नाही, तेव्हा बहुतेक चालक पुन:पुन्हा सेल्फ मारीत राहतात. त्यामुळे बॅटरी उतरते व मूळ दोष तसाच राहतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दाबली जाऊन तापते आणि तीत फवारलेले डिझेल पेट घेते. इंजिन मंद फिरत असेल, तर हवा पुरेशी तापत नाही. अशा वेळी प्रथम बॅटरी व तिची टोके तपासावीत. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरत असल्यास धुराकडे पाहावे.

धूर मुळीच येत नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही, असे समजावे. काट्यावर विसंबून न राहता टाकीत डिझेल आहे याची खात्री करावी. इंजिन बंद करण्याची तार अडकली आहे काय, अथवा पंपावरील विजेच्या झडपेची तार सुटली आहे काय, हे पाहावे. त्यानंतर फिल्टरमध्ये साचलेले पाणी काढावे. टाकी रिकामी झाली असल्यास किंवा नळीचा सांधा सैल असल्यास डिझेलच्या मार्गात हवा शिरते. ती काढण्यासाठी फिल्टरवरील स्क्रू थोडा सैल करून हातपंप दाबावा व बुडबुड्यांविना डिझेल येऊ लागताच स्क्रू घट्ट करावा. नोझलच्या नळ्या मात्र मेकॅनिकनेच उघडाव्यात. त्यांतील दाबाखालचे डिझेल कातडीत घुसू शकते.

पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचते पण पेटत नाही. थंडीच्या सकाळी याचे कारण बहुधा निकामी हीटर प्लग हे असते. हे प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा कदापि मारू नये. स्फोटाचा धोका असतो. प्लग ठीक असूनही इंजिन पेटत नसल्यास पंपाची वेळ व सिलिंडरचा दाब कार्यशाळेत तपासून घ्यावा.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये व मध्ये अर्धा मिनिट थांबावे. तपासणी बिनखर्चाच्या कारणापासून सुरू केल्यास पंप विनाकारण खोलण्याचा खर्च टळतो आणि वाहन वेळेवर कामी येते.