वेग मोजा, पण त्यावर पास-नापास ठरवू नका

मे महिन्यात नायगावात दुपारी लॅपटॉपवर बेंचमार्क लावू नये. मी एका कंपनीसाठी घरी बसून लिनक्स कर्नलचं काम करतो. आमच्या टेस्ट सूटमध्येच वेगाची अट होती: अमुक सिस्टम कॉल ठरलेल्या मायक्रोसेकंदांत उरकला नाही, तर टेस्ट नापास. पुण्याच्या एसीतल्या सर्व्हरवर सगळं हिरवंगार. इकडे पारा चाळिशीपार, वर पत्रे. प्रोसेसर तापला की आपणहून वेग उतरवतो. कोड तोच, मशीन तेच. पहाटे पास, दुपारी नापास. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जाणार आणि आकडे आणखी घसरणार.

खरं नुकसान पुढे झालं. रोज लाल दिसणाऱ्या निकालाकडे कोणी बघेना. ‘परत चालव, होईल पास’ हे टीमचं पालुपद झालं. त्याच लाल ओळींत एक ओळ खरी होती. एका वाटेने लॉक घेतलं जायचं, पण सोडलं जायचं नाही. ती टेस्टही कधी पास, कधी नापास. म्हणून तिलाही उन्हाळ्याच्या खात्यात टाकलं. ग्राहकाचं मशीन जागच्या जागी अडकलं, तेव्हा डोळे उघडले.

लॉक सुटलं की नाही, याचं उत्तर एकच असतं. वेगाचं तसं नाही. तो दर वेळी थोडा इकडे-तिकडे होणारच. लिनक्सच्या सोर्समध्येही दोन्हींची घरं वेगळी आहेत: चाचण्या टूल्स/टेस्टिंग/सेल्फटेस्ट्समध्ये, वेगाची मोजणी टूल्स/पर्फमध्ये. सेल्फटेस्टला ४५ सेकंदांची मुदत असते खरी, पण ती अडकलेली टेस्ट थांबवायला. वेग जोखायला नव्हे.

म्हणून बेंचमार्क फेकून द्यायचे का? मुळीच नाही. २०१८ मध्ये ४.२० आवृत्ती घडत असताना स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीवरचा एसटीआयबीपी नावाचा उपाय सगळ्यांसाठी चालू झाला. काम चोख, पण काही प्रोग्रामचा वेग निम्म्यापर्यंत खाली आला. लिनस टोरवाल्ड्स यांनी आक्षेप घेतला आणि तो उपाय गरजेपुरता ठेवला गेला. पास-नापासच्या चाचणीला हे कधीच दिसलं नसतं.

इंटेलचा टेस्ट रोबोट पॅचच्या आधीचा आणि नंतरचा वेग मोजून थेट पॅच लिहिणाऱ्याला कळवतो. २०२४ मध्ये त्याने एका पॅचने ३८८८.९ टक्के सुधारणा झाल्याचं कळवलं. ती एका विशिष्ट मेमरी-चाचणीपुरती होती. त्यावरून लिनक्स चाळीसपट पळतंय म्हणणाऱ्याला आधी पाणी द्यावं.

मोजणीसाठी मशीन वेगळं ठेवा, त्यावर दुसरं काम नको. प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’वर, टर्बो बंद, टेस्ट एकाच कोरवर बांधलेली. जुना आणि नवा कर्नल आलटून-पालटून चालवा, म्हणजे तापमानाचा फटका दोघांना सारखाच बसतो. सरासरीपेक्षा मध्यक बघा. एकाच कर्नलचे आकडे पाच टक्के हलत असतील, तर दोन टक्क्यांच्या घसरणीवर बैठक बोलावू नका. घसरण मोठी असली तरी मर्ज आपोआप अडवू नका. माणसाला दाखवा, तो ठरवेल.

आणि पॅच पाठवताना ‘वेग वाढला’ एवढ्यावर थांबू नका. मशीन कोणतं, किती फेऱ्या, जुना आकडा, नवा आकडा, हे कमिट मेसेजमध्येच लिहा. वेगाचा दावा केलात तर आकडे द्या, असं कर्नलची नियमावलीही सांगते.